समुद्र नसलेल्या गावात पाणबुड्याच्या टाक्या

बंगळूरला लोक हवा बदलायला जातात. मी हवेच्या टाक्या घेऊन गेले होते.

दोन टाक्या, तोंडात धरायची रबरी नळी, हवा बेतानं सोडणारी पितळी झडप, काचेचा मुखवटा आणि पाठीला बांधायचे पट्टे, एवढा सगळा संच मी घोंगडीत गुंडाळून सुंभानं बांधला होता. वेंगुर्ल्याहून एस्.टी.नं बेळगावपर्यंत तो माझ्या पायाशीच होता. बेळगावच्या स्टेशनात हमालानं गाठोडं उचललं, दोन पावलं टाकली आणि खाली ठेवलं.

"बाई, तोफ नेताय की काय?"

"पाणबुड्याचा संच आहे."

"आणि निघालाय कुठं?"

"बंगळूरला."

त्यानं शेजारच्या हमालाला हाक मारली. "यल्लाप्पा, ऐकलास काय? ह्या बाई बंगळुरात बुडायला चालल्यात." मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाला, "तिथं गुडघाभर पाणी मिळायचं नाही हो तुम्हांला."

मी हसले. यल्लाप्पाही हसला, आणि दोघांनी मिळून गाठोडं बायकांच्या डब्यात चढवून दिलं.

संच माझ्या भावाचा, वसंताचा. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बंदरात पाण्याखालची कामं करायचा: नांगर सोडवणं, बुडालेला माल वर काढणं. आषाढात तो गेला. पाण्याखाली त्याला कधी काही झालं नाही. घरी, खाटेवर, विषमज्वरानं गेला. मी शाळेत मराठी शिकवते. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून निघाले.

निघण्याचं कारण मात्र वसंता नव्हता, इनास होता. इनास त्याचा जोडीदार. संच दोघांत हा एकच; एक खाली जायचा तेव्हा दुसरा होडीत दोर धरून बसायचा. बंदराबाहेरच्या खडकाजवळ एक मालवाहू गलबत दहा वाव पाण्यात, म्हणजे साठ फुटांवर, बुडालेलं आहे. त्यातलं लोखंड वर काढायचं काम दोघांनी घेतलं होतं. इनास दिवसातून दोनदा बुडी मारायचा आणि वर आल्यावर तास-दोन तासांत त्याचा उजवा खांदा धरायचा. मग तो धक्क्यावर हात छातीशी आवळून बसून राही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर खांद्याचं हाड मरेल आणि हात कायमचा जाईल. इनासला पाच पोरं. दुसरं काम येत नाही, आणि येत असतं तरी त्यानं केलं नसतं.

वसंतानं मला एकदा गोटीसोड्याच्या बाटलीवर हे समजावलं होतं. आपल्या हवेत प्राणवायू पाचवा हिस्सा. बाकी बहुतेक नायट्रोजन. खोल पाण्यात दाबाखाली तो नायट्रोजन अंगात मुरतो. वर आलं की गोटी दाबल्यावर सोड्याचं होतं तसं, सांध्यांत बुडबुडे. "ताई, हवेतला नायट्रोजनच कमी केला आणि प्राणवायू वाढवला तर?" तो म्हणाला होता. "बंगळूरला एक गृहस्थ आहेत, त्यांना येतं हे. मी पत्र टाकलंय."

पत्रं सहा महिने चालू होती. शेवटचं उत्तर आलं तेव्हा ते मी उघडलं. त्यात एवढंच होतं: "संच घेऊन या. पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी कंत्राटदाराची मोठी होडी यायची होती. त्या दिवशी इनास खाली उतरणार, हे ठरलेलं. कुठली हवा घेऊन उतरायचं, तेवढंच ठरायचं होतं.

"ताई, तू जा गो," तो निघताना म्हणाला. "झाला तर झाला. नाय तर आपली साधी हवा आसाच मा."

चामराजपेट

छोट्या रुळांची गाडी बंगळूरला सकाळी पोचली. त्या गावाची थंडी मला ठाऊक नव्हती. कार्तिकात कानाला रुमाल बांधलेली माणसं पाहून मला वाटलं, सगळ्यांचे दात एकदम दुखतायत. जटक्यात, म्हणजे तिथल्या घोडागाडीत, गाठोडं ठेवल्यावर घोड्यानं मागं वळून पाहिलं. गाडीवाल्यानं कानडीत काहीतरी विचारलं. मी फक्त "चामराजपेट" म्हणाले. त्यानं "सरी, सरी" म्हटलं आणि निघाला. पुढचे चार दिवस त्या एका शब्दावर माझं निम्मं काम भागलं. सरी म्हणजे बरं, ठीक, समजलं, चला आणि पुरे.

वसंताला पत्रं लिहिणाऱ्या राजारामअण्णांचं घर बाजाराच्या मागं, एका अरुंद गल्लीत. पुढं घर, मागं अंगण, अंगणात पत्र्याखाली कारखाना. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले, असं त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, जणू ते कालच्याच गाडीनं आले असावेत. अण्णा साठीचे, उंच, फार न बोलणारे. युद्धाच्या वेळी विलायतेत आरमाराच्या गोदीत होते. सुरुंग काढणाऱ्या पाणबुड्यांचे संच दुरुस्त करायचे. त्या लोकांना अशी जादा प्राणवायूची हवा देत. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण तुळसाक्का. अण्णांचं न बोललेलं सगळं त्या बोलत.

"या की, या. ऊट आयता? जेवण झालं का म्हणून विचारते मी. कानडी येत नाही होय तुम्हांला? राहू द्या, पोटाला येतं सगळं."

माझ्यासमोर काफी आली. आमच्याकडे चहा कपातून बशीत ओततात. इथं काफी पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून. बरोबर चिरोटी होती, दिवाळीची उरलेली. मी म्हटलं, यंदा आमच्याकडे दिवाळी नाही.

"तुमच्या घरी करायची नाही," तुळसाक्का म्हणाल्या. "आमच्या घरी खायची नाही असं कुठं लिवलंय? अण्णा, लिवलंय काय रे?"

"इल्ला," अण्णा नकाराची मान हलवत म्हणाले.

मी दोन चिरोट्या खाल्ल्या.

कारखान्यात

गाठोडं सोडलं तेव्हा मला थोडा अभिमान वाटत होता. चार महिने खाऱ्या वाऱ्यात राहूनही संचावर गंजाचा एक ठिपका नव्हता. टाक्यांवर वसंतानं होडीच्या पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत "हवा" लिहिलं होतं. तेही जसंच्या तसं.

अण्णांनी पितळी झडप उचलली. पाहण्याआधी नाकाला लावली. मग टाकीचं तोंड हुंगलं. मग दुसऱ्या टाकीचं.

"ही टाकी आहे की कुणाचं डोकं?" ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"खोबरेल आहे हे. कुणी लावलं?"

"मी," मी म्हणाले. "दर शनिवारी."

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे दाराच्या बिजागरीला, शिवणयंत्राला, कुलपाला, भाजलेल्या बोटाला आणि पोरांच्या डोक्याला एकच तेल. समुद्राकाठी लोखंड ठेवायचं तर खोबरेल लावायचं. वसंता गेल्यावर शनिवारी न्हायच्या दिवशी मी बाटली घेऊन त्याच्या खोलीत बसत असे. प्रत्येक मळसूत्र, प्रत्येक आटा, झडपेच्या तोंडात बोट जाईल तिथवर. मन लावून केलं होतं.

अण्णांनी डावा हात पुढं केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धंच होतं.

"झडपेत इतकंच ग्रीस होतं," त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "साध्या हवेला तेल चालतं थोडं. जादा प्राणवायू दाबानं आत सोडला की तेल पेटतं. काडी लागत नाही, काही लागत नाही. पितळसुद्धा जळतं. ह्या संचात मी प्राणवायू भरणार नाही."

"धुऊन? चार दिवसांनी मला परत निघायचंय."

"चार दिवसांत? रबर तेल प्यायलंय. चामड्याच्या चकत्या प्यायल्यात. आटे भरलेत." त्यांनी झडप कापडावर ठेवली. "साधी हवा भरून घेऊन जा."

साधी हवा म्हणजे इनासचा खांदा. मी तसंच म्हणाले. डॉक्टरांचं बोलणं, रविवार, सगळं सांगितलं.

तुळसाक्का दारात उभ्या होत्या. "अय्यो, तेलच तर आहे," त्या म्हणाल्या. "घरात दोन बायका बसल्यात. भांडी घासून घासून जन्म गेला आमचा. अण्णा, तू सोडा उकळत ठेव."

धुणं

त्या दुपारपासून पुढचे दोन दिवस मी बंगळूर पाहिलं ते एवढंच: एक अंगण, एक चूल, आणि कढत सोड्याच्या पाण्याची वाफ. लालबागेतली फुलं पाहिलीत का, असं परतल्यावर सगळ्यांनी विचारलं. नाही पाहिली.

अण्णांनी झडप सुटी केली, अठरा तुकडे. रबर आणि चामडं त्यांनी एका टोपलीत टाकलं. त्या चामड्याच्या चकत्या वसंतानं जुन्या चपलेतून कापल्या होत्या. मी टोपलीकडे पाहिलेलं अण्णांनी पाहिलं.

"हव्या तर घरी न्या," ते म्हणाले. "संचात नाहीत."

पितळी तुकडे सोड्यात उकळायचे, ब्रशानं घासायचे, साध्या पाण्यात बुडवून वर धरायचे. स्वच्छ पितळावर पाण्याचा पडदा अखंड राहतो. कुठं तेल असेल तर पाणी तिथं फाटतं आणि थेंब होतात. पहिल्या धुण्यात सगळेच तुकडे फाटले. दुसऱ्यात चार. स्वच्छ झालेला तुकडा उघड्या हातानं धरायचा नाही, कारण आपल्या बोटांनाही तेल असतं. मी एक तुकडा उचलून कौतुकानं पाहिला आणि अण्णांनी निमूटपणे तो परत सोड्यात टाकला.

टाक्यांचं काम पायांचं होतं. टाकीत कढत सोडा आणि मूठभर गुळगुळीत खडे घालून तोंड बंद करायचं, टाकी गोणपाटात गुंडाळून आडवी ठेवायची आणि बाकावर बसून पायांनी पुढं-मागं लोटायची. तुळसाक्का एका टाकीवर, मी दुसरीवर. आत खडे खळखळत होते. समोरच्या माडीवरची बाई गंमत बघायला आली आणि कानडीत विचारू लागली.

"काय म्हणतात त्या?"

"विचारते, काय दळताय. मी म्हटलं, हवा."

लोटता लोटता त्यांनी मला वसंताबद्दल विचारलं. कसा दिसायचा, काय आवडायचं. गावी मला कुणी असं विचारत नव्हतं. सगळ्यांना तो ठाऊकच होता. मी सांगत गेले, आणि गंमत म्हणजे त्याच्या आजारपणाबद्दल काहीच न सांगता अख्खी दुपार गेली. त्याला मासा अजिबात आवडत नसे, हे ऐकून त्या एवढ्या हसल्या की टाकी बाकाखालून निसटून तुळशीवृंदावनाला जाऊन धडकली.

टाकीची परीक्षा पांढऱ्या बशीत. शेवटचं पाणी बशीत ओतून उन्हात धरायचं. तेल असेल तर वर रंग चमकतात. पहिली टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी पास झाली. दुसरीच्या बशीत संध्याकाळपर्यंत मोरपिसं दिसत होती.

"एकच न्या," अण्णा म्हणाले. "दुसरी साध्या हवेला ठेवा."

मी विचार केला आणि म्हणाले, "इनास दोन बुड्या मारतो. घाईत हाताला येईल ती टाकी बांधेल. दोन्ही सारख्याच दिसतात."

अण्णांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "सरी," ते म्हणाले आणि स्वतः चुलीत लाकूड सारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरी बशीही कोरी निघाली.

अक्षरं आणि गाठी

आता टाकीवरचं "हवा" खोटं ठरत होतं. टाकीत जे आहे तेच टाकीवर हवं; याबाबतीत अण्णा कुणाचं ऐकत नसत. मला वाटलं, ते खरवडून काढतील. त्यांनी पातं माझ्या हातात दिलं आणि आत निघून गेले. वसंताचा 'ह' मोठा, पोटाचा होता. तो निघायला सगळ्यांत वेळ लागला.

मग मी हिरव्या रंगानं, फळ्यावर लिहिते तशा अक्षरांत लिहिलं: "जादा प्राणवायू. ऐंशी फुटांखाली नेऊ नये." कारण ही हवा उथळात जितकी चांगली, तितकी फार खोलात वाईट, दाबाखाली जास्तीचा प्राणवायू माणसाला झटके आणतो.

अण्णांनी वाचलं. "छान. तुमचा पाणबुड्या वाचतो का?"

"सहीपुरतं."

"आणि फूट मोजतो?"

इनास वावांत मोजतो. दोन हात पसरले की एक वाव, सहा फूट. आणि त्याचा खोली मोजायचा दोर गाठींचा असतो, वावाला एक गाठ. गढूळ पाण्यात तो हातानंच गाठी मोजतो. मी पुन्हा विचार केला आणि तुळसाक्कांकडे सुतळी मागितली. ती सोड्यात उकळून वाळवली, तेरा गाठी मारल्या आणि टाकीच्या पट्ट्याला बांधली. तेरा वाव, म्हणजे अठ्ठ्याहत्तर फूट. अण्णांनी गाठी बोटांनी मोजल्या.

"गोदीत हे कुणाला सुचलं नव्हतं," ते म्हणाले.

नवं रबर आणि नव्या चकत्या बसवून त्यांनी टाक्या भरल्या. आधी प्राणवायू, दवाखान्यात देतात तो, इतक्या हळू की मला वाटलं काही होतच नाही. मग वरून गाळलेली हवा. ती लोणाऱ्याचा कोळसा आणि लोकर भरलेल्या नळकांड्यातून येत होती. तसंच एक नळकांडं आणि तांब्याची भरायची नळी त्यांनी माझ्यासाठी बांधून ठेवली. पुढच्या टाक्या आम्हांला गावीच भरायच्या होत्या.

भरलेली हवा विश्वासावर घ्यायची नाही. अण्णांकडे शंभर खुणांची काचनळी होती. तिच्यात हवा घ्यायची, फोटोवाल्यांकडे मिळणारं एक रसायन क्षारात कालवून आत सोडायचं आणि हलवायचं. रसायन प्राणवायू पिऊन टाकतं. जितका प्यायलं तितकं पाणी वर चढतं. आधी अंगणातली हवा तपासली: एकवीस. मग टाकीतली: चाळीस.

"पास की नापास, टीचर?" अण्णांनी विचारलं.

"आमच्याकडे पस्तीसला पास," मी म्हणाले.

सर्जापूरची विहीर

संच पाण्यात घालून पाहिल्याशिवाय अण्णा देणार नव्हते. सर्जापूरच्या रस्त्याला, शेतांतून बरंच आत, त्यांच्या ओळखीच्या मुनियप्पा नावाच्या भाजीवाल्याची दगडी विहीर होती. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बसनं गेलो. दोन्हीकडे नाचणीची शेतं होती. तिथं नाचणीचे हे एवढे गोळे करून ते न चावता गिळतात. आम्ही भाकरी करतो म्हटल्यावर मुनियप्पाच्या बायकोनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

अण्णांनी चड्डी चढवली, टाकी बांधली आणि काच धुरकट होऊ नये म्हणून मुखवट्यात थुंकून तो धुतला. वसंताही तसंच करी. मुनियप्पानं हात जोडून काही विनंती केली. अण्णा पायऱ्यांवरून पाण्यात गेले. वर फक्त बुडबुडे, एकसारखे, शांत.

दहा मिनिटांनी पाण्यातून एक बादली वर आली. मग दुसरी. मग एक पितळी तपेली, जिच्यावरून मुनियप्पाचं त्याच्या भावजयीशी तीन वर्षं बोलणं बंद होतं. भावजय शेजारच्या शेतातच होती. तपेली पाहून ती बांधावर आली आणि ओरडली, "मी घेतली म्हणत होतास ना?" तुळसाक्कांनी हे मला मराठीत सांगितलं तेव्हा मुनियप्पा विहिरीत उडी मारायच्या बेतात होता.

अण्णा वर आले. झडप कानाशी धरून तिचा आवाज ऐकला, चकत्या पाहिल्या.

"न्या," ते म्हणाले.

खडकाजवळ

ठरलेल्या रविवारी मी होडीत बसले. अण्णांनी बरोबर दिलेली काचनळी माझ्या मांडीवर होती. इनासच्या मेहुण्यानं, पेद्रूनं, दोर धरला होता. मी हवा तपासली, एकोणचाळीस. इनासनं सुतळीच्या गाठी चाचपल्या, तेरा मोजल्या.

"आणि मी धा वावांतच आसतलंय," तो म्हणाला. "म्हणजे तीन वाव माका फुकट."

तो दोनदा गेला, दोनदा आला. दुपारी धक्क्यावर उतरलो. पेद्रूनं जेवण काढलं, पण मी जेवले नाही. इनासच्या खांद्याकडे पाहत बसले होते. एक तास झाला. दीड झाला. तो पेद्रूशी कंत्राटदाराच्या नकला करत होता. हात छातीशी घेतला की माझा जीव जाई. पण तो विडी शोधत असे.

"ताई, माझ्याकडे असा बघू नको गो. नजर लागतली."

दोन तास उलटले. होडीच्या सावलीत वाळूवर तो आडवा झाला, जरा कूस बदलली आणि झोपला. उजव्या खांद्यावर.

मी पेद्रूला खुणेनं गप्प केलं आणि जेवायला घेतलं.